मदतनीस, सेविका आणि मधल्या पायऱ्या

अंगणवाडीच्या आढ्याला टांगलेला वजनकाटा बहुतेकांनी पाहिलेला असतो. खाली कापडी झोळी, झोळीत हातपाय झाडणारे मूल, बाजूला त्याला शांत करणारी आई. काटा थरथरत थांबतो. ताई डोळे बारीक करून आकडा वाचते: सहा किलो आठशे. मुलगी नुकतीच वर्षाची झालेली. ताई आकडा वहीत लिहिते, आई मुलीला कडेवर घेते आणि पुढचे मूल झोळीत बसते.

सारा प्रकार दोन मिनिटांचा. परंतु सामाजिक सेवेत काम करणाऱ्या बाईला शिकवायचे म्हणजे नेमके काय शिकवायचे, हे या दोन मिनिटांत सामावलेले आहे. आकडा वाचणे आठवी शिकलेल्या मुलीलाही जमते. वर्षाच्या मुलीचे वजन सात किलोच्या खाली असणे म्हणजे ती वयाच्या मानाने कमी वजनाची, हे तक्ता पाहून सांगता येते. खरे शिक्षण त्याच्या पुढचे. गेल्या महिन्याचा ठिपका आणि या महिन्याचा ठिपका जोडल्यावर रेघ वर चढते की आडवी पडते, हे पाहण्याची नजर लागते. आडवी पडलेली रेघ ही पहिली सूचना असते. मूल तोपर्यंत हसतखेळत असते आणि घरच्यांना काहीच वावगे वाटत नसते. मग त्या आईशी बोलायचे. तिला न दुखावता, सासूचा मान राखून, शेतावर जाण्याच्या घाईत. मुलीला दिवसातून किती वेळा भरवता, पेज पातळ असते की घट्ट, त्यात तेलाचा किंवा तुपाचा थेंब पडतो का, मधे जुलाब झाले होते का, हे विचारायचे. आणि ऐकायचे. हे शिकवायला किती दिवस लागतात?

आपल्या देशात सुमारे चौदा लाख अंगणवाड्या आहेत. म्हणजे चौदा लाखांच्या आसपास सेविका आणि त्यांच्या मदतनीस. कुणी त्यांना ताई म्हणते, कुणी बाई, हिंदी मुलखात त्या कार्यकर्ता असतात, केरळात टीचर. गुजरातेत मदतनीस बाईला तेडागर म्हणतात, म्हणजे मुलांना घरोघरून घेऊन येणारी. नावे निराळी, काम तेच. सहा वर्षांच्या आतील मुलांचे, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या मातांचे जे काही सरकारला करायचे असते, ते शेवटी या दोघींच्या हातून होते.

या कामाला शिक्षण लागते हे सरकारच्या आधी दोन मराठी बायकांना कळले होते. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यात, बोर्डी येथे ग्रामीण मुलांसाठी केंद्र सुरू केले. त्यांच्याबरोबर आल्या अनुताई वाघ. तेराव्या वर्षी विधवा झालेल्या, पुढे शिकून शिक्षिका झालेल्या. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे वारल्यांची मुले शाळेत येईनात. का येईनात, याचा शोध या दोघींनी घेतला. मोठी मुले गुरे राखत होती, त्यांच्याहून लहान मुली धाकट्या भावंडांना सांभाळत होत्या. मग शाळाच उठून पाड्यावर गेली, अंगणात भरली. गुरांमागे गेली, कुरणात भरली. अंगणवाडी हा शब्द त्या अंगणातला आहे. माँटेसोरीची महागडी साधने परवडणारी नव्हती, तेव्हा बिया, शिंपले, खडे आणि पाने ही साधने झाली. आधी मुलांना आंघोळ, केस विंचरणे, मग गाणे, मग मोजणे.

कोसबाडला शिकायला आलेल्या बाईला या सर्वांतून जावे लागे. फळ्यावर ‘मुलांच्या गरजा’ लिहून घेण्यापेक्षा पाड्यावर जाऊन एका मुलाचे नाक पुसणे हा तिथला पहिला पाठ होता, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. समाजसेवेचे पद्धतशीर शिक्षण देणारी संस्था मुंबईत १९३६ सालीच निघाली होती, तीच पुढची टाटा समाजविज्ञान संस्था. तथापि तेथून बाहेर पडणारे पदवीधर मूठभर, आणि पाडे हजारो. त्या पाड्यांपर्यंत पोहोचायचे तर पाड्यावरचीच बाई तयार करावी लागणार, हे कोसबाडने दाखवून दिले.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. देशभरात तेहतीस प्रकल्प. मुंबईतील धारावी त्यांतलाच एक. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरजेप्रमाणे दवाखान्यात पाठवणे, आई-बहिणींना आहार आणि आरोग्याचे शिक्षण, आणि शाळेआधीचे अनौपचारिक शिक्षण अशा सहा सेवा ठरल्या. त्या देणारी बाई गावातलीच असावी, असे ठरले. हे शहाणपणाचे होते. त्याच बरोबर तिला पगार नव्हे, मानधन द्यावे, असेही ठरले. मॅट्रिक न झालेल्या सेविकेला महिना १०० रुपये, मॅट्रिक झालेलीला १५०. म्हणजे ती नोकरदार नव्हे, स्वयंसेविका. पुढच्या पन्नास वर्षांतील बहुतेक भांडणे या एका शब्दातून निघाली आहेत.

कारण स्वयंसेविकेला बढती कशी देणार? तिच्या शिक्षणावर किती खर्च करणार?

तरीही शिक्षणाची व्यवस्था उभी राहिली, आणि कागदावर ती चांगली होती. सेविकांसाठी जिल्ह्याजिल्ह्यांत प्रशिक्षण केंद्रे, अनेक ठिकाणी ती स्वयंसेवी संस्थांनी चालवलेली. वीस-पंचवीस अंगणवाड्यांवर देखरेख करणाऱ्या मुख्य सेविकांसाठी मधल्या पातळीवरची केंद्रे. प्रकल्प अधिकाऱ्यांसाठी दिल्लीची राष्ट्रीय संस्था आणि तिच्या प्रादेशिक शाखा. (या राष्ट्रीय संस्थेला २०२५ साली सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले.) सेविकेचे पहिले प्रशिक्षण एके काळी काही महिन्यांचे असे, पुढे ते महिनाभरावर आले. त्यानंतर अधूनमधून उजळणीचे चार-पाच दिवस. मदतनीस बाईच्या वाट्याला तर आठवडाभरच.

महिनाभर म्हणजे काय, हे ज्या घरात लहान मूल आहे त्या घराला विचारावे. निवासी प्रशिक्षण तालुक्याला किंवा जिल्ह्याला असते. नवरा म्हणतो, शंभर रुपयांसाठी घर सोडून महिनाभर कुठे चाललीस? सासू म्हणते, इथे गुरे कोण बघणार? काही जणी अंगावरचे मूल घेऊन जातात. ते वर्गात रडते. काहींच्या आयुष्यात मात्र हाच महिना असा असतो की ज्यात त्यांच्या ताटात दुसऱ्या कुणी वाढलेले असते आणि संध्याकाळी चार बायकांबरोबर गप्पा मारत बसता येते. प्रशिक्षणाचे काय आठवते, असे जुन्या सेविकांना विचारले तर अनेकदा विषयांची नावे आठवत नाहीत, पण तिथली गाणी आठवतात, शेजारच्या खाटेवरची मैत्रीण आठवते. या आठवणी कमी लेखू नयेत. आयुष्यात प्रथमच चारचौघांत उभे राहून बोललेली बाई गावात परतते तेव्हा ग्रामसभेतही तिचा आवाज निघू लागतो.

पण वजनकाट्यापाशी उभे राहून कुणी शिकवले का, हा प्रश्न उरतोच. वर्गात ‘मातांचे समुपदेशन करावे’ हे वाक्य लिहून घेतले जाते. समुपदेशन हा शब्द इतका जड की तो उच्चारतानाच समोरची आई उठून जावी! जिथे दोघींनी समोरासमोर बसून, एकीने आई आणि एकीने ताई होऊन बोलून पाहिले, तिसरीने ‘तू तिला बोलूच दिले नाहीस’ असे सांगितले, तिथे काही तरी हाती लागले. दंडाचा घेर मोजायच्या पट्टीचेही तसेच. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली तांबडा रंग, म्हणजे मूल गंभीर कुपोषित आणि ताबडतोब दाखवायचे, साडेबारापर्यंत पिवळा, पुढे हिरवा. पट्टी फार आवळली तर हिरवे मूल पिवळे दिसते, सैल धरली तर तांबडे मूल सुटून जाते. तो हाताचा अंदाज पुस्तकात नसतो. दहा मुलांचे दंड मोजावे लागतात, आणि शेजारी कुणी जाणकार बाई असावी लागते.

ती जाणकार बाई म्हणजे मुख्य सेविका. इथेच सगळी गाडी अडते. मुख्य सेविका महिन्यातून एकदा अंगणवाडीत आली, तर तिचा बराच वेळ रजिस्टरे तपासण्यात जातो. किती लाभार्थी, किती हजर, किती पाकिटे आली, किती वाटली. पुढे २०२१ पासून हे सारे मोबाइलमधल्या पोषण ट्रॅकरवर गेले. त्या वर्षी महाराष्ट्रातील अनेक सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले. ते जुने झाले होते, अडकत होते आणि नवे ॲप इंग्रजीत होते. त्यांना यंत्राचे वावडे आहे, अशी टीका तेव्हा झाली. वस्तुतः त्याच बायका घरी मुलाच्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅप सफाईने वापरतात. ज्या भाषेत काम करतो त्या भाषेत साधन मिळावे, आणि ते वापरायला कुणी शेजारी बसून शिकवावे, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

अलीकडे प्रयत्न अगदीच झाले नाहीत असे नाही. मे २०२३ मध्ये केंद्राने ‘पोषण भी पढाई भी’ हा कार्यक्रम काढला. आहार वाटणाऱ्या ताईने मुलांना शिकवलेही पाहिजे, ही कोसबाडची जुनीच गोष्ट त्यात नव्या नावाने आली. तीन वर्षांच्या आतील मुलांसाठी ‘नवचेतना’ आणि तीन ते सहा वयासाठी ‘आधारशिला’ असे अभ्यासक्रम तयार झाले. सेविकांना त्याचे प्रशिक्षण किती? तीन दिवस. तीन दिवसांत अभ्यासक्रमाची ओळख होईल. अर्ध्या तासात कंटाळणाऱ्या वीस मुलांना गोष्टीत कसे गुंतवावे, हे तीन दिवसांत येत नाही.

त्यापेक्षा अधिक विचारपूर्वक लिहिलेली गोष्ट २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात आहे. बारावी झालेल्या सेविकेला बालशिक्षणाचा सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम, आणि त्याहून कमी शिकलेलीला एक वर्षाची पदविका; काम न सोडता, दूरशिक्षणाने, मोबाइलवरून. आणि महिन्यातून निदान एकदा प्रत्यक्ष भेटीचा वर्ग, शाळांच्या समूह साधन केंद्रात. या साऱ्यातील शेवटचा भाग सर्वांत मोलाचा. पडद्यावर पाहिलेले आपल्या अंगणवाडीत करून पाहायचे, न जमलेले घेऊन महिन्याच्या वर्गात जायचे, इतर ताईंचे ऐकायचे. पैशाची ओढाताण झाली की नेमका हा भेटीचा वर्गच आधी कापला जातो, हा सरकारी योजनांचा जुना अनुभव आहे. राज्यांनी दुसरे काही केले नाही तरी चालेल, एवढा वर्ग वाचवावा.

आता बढतीची गोष्ट. अनेक वर्षे परिस्थिती अशी होती की मदतनीस म्हणून लागलेली बाई मदतनीस म्हणूनच घरी जाई. सेविका पंचवीस वर्षे सेविका राही आणि तिच्यावर देखरेख करायला पदवी घेऊन थेट भरती झालेली चोवीस वर्षांची मुलगी येई. त्या मुलीचा दोष काही नाही. ती परीक्षा देऊन आलेली असे. परंतु ज्या बाईने सहाशे मुलांची वजने घेतली, तिला वजनाविषयी विचारायला कुणी नाही आणि जिने एकही घेतले नाही ती तपासणीला येणार, यात दोघींचीही कुचंबणा होती.

२०२२ साली ‘सक्षम अंगणवाडी आणि पोषण २.०’ च्या मार्गदर्शक सूचना निघाल्या. त्यांत सेविकांच्या निम्म्या जागा पाच वर्षे काम केलेल्या मदतनिसांमधून आणि मुख्य सेविकांच्या निम्म्या जागा पाच वर्षे काम केलेल्या सेविकांमधून भराव्यात, असे सांगितले गेले. ही मोठी गोष्ट आहे. मात्र त्याच वाक्यात एक शेपूट आहे: इतर अटी पूर्ण होत असतील तर. इतर अटी म्हणजे मुख्यतः शिक्षण. जिच्या लग्नाच्या वेळी दहावी सुटली, जिने वीस वर्षे खिचडी शिजवली, मुलांची शी-शू काढली, गावातले प्रत्येक घर जिला तोंडपाठ, तिला वरची पायरी दिसते. मधली पायरी मात्र नाही. महाराष्ट्रात तर २०२३ पासून नव्या भरतीत मदतनीस बाईलाही बारावीची अट आली.

मधली पायरी बांधता येते, आणि ती अनेकींनी बांधलीही आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावी आणि बारावी घरबसल्या करता येते. विषय एकेक करून सोडवता येतात, सगळे एकदम नव्हे. पदवीसाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी भगिनींसाठी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ सर्वत्र आहे आणि त्याचा बालसंगोपन व बालशिक्षणाचा पदविका अभ्यासक्रम या कामाशी अगदी जवळचा आहे. मुलगा दहावीला आणि आईही दहावीला, दोघे एकाच दिव्याखाली, अशी घरे आता नवलाची राहिलेली नाहीत. घरच्यांनी अशा वेळी संध्याकाळची भाकरी थापली तर तेही प्रशिक्षणाचेच साहाय्य समजावे.

बाई नोकर की स्वयंसेविका, हा प्रश्न मात्र न्यायालयापर्यंत गेला. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकातील एका प्रकरणात सांगितले की अंगणवाडी सेविकेचे पद हे सरकारी सेवेतले पद नव्हे. सोळा वर्षांनी, २५ एप्रिल २०२२ रोजी, गुजरातमधील दाहोदच्या सेविकांच्या प्रकरणात न्यायमूर्ती अजय रस्तोगी आणि न्यायमूर्ती अभय ओक यांच्या पीठाने निकाल दिला की सेविका आणि मदतनीस यांना १९७२ च्या कायद्याप्रमाणे ग्रॅच्युइटी मिळाली पाहिजे. हे काम अर्धवेळ आहे हा सरकारी बाजूचा दावा न्यायालयाने मानला नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माता आणि बालकांना आहाराचा हक्क दिला आहे आणि तो हक्क या बायकांच्या हातून पोहोचतो, ही गोष्ट निकालात महत्त्वाची ठरली. केंद्राने आपल्या वाट्याचे मानधन २०१८ च्या ऑक्टोबरपासून सेविकेला ४,५०० आणि मदतनिसाला २,२५० रुपये केले; त्यात राज्ये आपापली भर घालतात, म्हणून सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे त्याच कामाचे वेगवेगळे पैसे मिळतात. महाराष्ट्रातील सेविका डिसेंबर २०२३ पासून बावन्न दिवस संपावर होत्या. त्या दिवसांत बंद दारासमोर वाटी घेऊन आलेली मुले परत गेली, हे खरे. त्या मुलांना कोण नाव घेऊन ओळखत होते, हेही त्याच दिवसांत गावांना कळले.

मानधन वाढले की प्रशिक्षणाची गरज संपते, असे मात्र नाही. उलट आता जी ताई मुख्य सेविका होईल, तिला निराळेच शिकावे लागेल. काल शेजारच्या वाडीत बरोबरीने बसणारी मैत्रीण आज तपासणीला आली, तर काय बोलायचे? चूक दाखवायची की झाकायची? रजिस्टर आधी उघडायचे की आधी काट्याखाली उभे राहून मूल झोळीत घालायला हात द्यायचा? बढतीच्या आदेशाबरोबर तिच्या हाती बहुधा एक फाइल दिली जाते. हे बोलायला शिकवणारा आठवडा क्वचित. तोही मागायला हवा.

जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट. पाच वर्षांची सेवा असो की ग्रॅच्युइटी, सारे मोजले जाते ते कागदावर. नेमणुकीचा पहिला आदेश, रुजू झाल्याची तारीख, प्रत्येक प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र, मानधन जमा झाल्याची बँकेची पुस्तके. प्रकल्प कार्यालय दुसऱ्या इमारतीत हलले की जुने गठ्ठे कुठे जातात, हे कुणी सांगू शकत नाही. ज्या घरात अशी ताई असेल, त्या घरातील कॉलेजात जाणाऱ्या मुलाने किंवा मुलीने एका रविवारी तिची पत्र्याची पेटी उघडावी, हे कागद तारखेप्रमाणे लावावेत आणि प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स काढून एक प्लॅस्टिकच्या पिशवीत पेटीत आणि एक मामाच्या घरी ठेवावी.